डबल बेलवर चालणारी करवत

वडीगोद्रीला माझी बदली झाली तेव्हा हायवेपासून दोन गल्ल्या आत मला एक खोली मिळाली. घरमालक दारातच उभे होते. खाकी पँट, वर बनियन, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोरून येणाऱ्यानं आधी डिपर द्यावा. भाडं, पाणी, लाईट हे विषय नंतर निघाले. त्यांनी आधी विचारलं, "बेल मारता येती का?"

मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. गाईला इंजेक्शन देता येतं, म्हशीचा गाभ तपासता येतो. बेल मारता येते का, हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "येत असावी."

"एक मारली की?"

"थांबायचं."

"दोन मारल्या की?"

"निघायचं."

"मंग सामान आणा," ते म्हणाले आणि आत जाऊन चहा टाकायला सांगून आले.

आमचे घरमालक एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी त्यांनी एकही अपघात न करता काढली, आणि हे ते स्वतः सांगत नसत, कारण सांगितलं की दृष्ट लागते अशी त्यांची समजूत होती. गावभर त्यांना डायव्हर काका म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांचं घरात मन रमेना. बसल्या जागी पाय क्लच शोधायचा. काकू सांगायच्या की ते झोपेत उशी डावीकडं वळवायचे. शेवटी एक दिवस जालन्याला गेले आणि लाकूड कापायचं पेट्रोलवरचं मशीन घेऊन आले. त्याला कुणी चेनसॉ म्हणतं, कुणी कटर. काका त्याला 'गाडी' म्हणायचे.

"हाताखाली कायतरी थरथरलं पायजे, डॉक्टर," ते मला म्हणाले. मी डॉक्टर नाही हे मी त्यांना सांगून पाहिलं होतं. "इंजिन बंद झालं की मानूस म्हातारा होतो."

गाडी म्हटल्यावर कंडक्टर आला. माझ्या आधीचा भाडेकरू हे काम करायचा आणि म्हणूनच तो खोली सोडून गेला, असं गल्लीत बोललं जायचं. काकांचा नियम असा होता की कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट लांब कंडक्टरनं उभं राहायचं, म्हणजे झाड कसंही पडलं तरी कंडक्टर शाबूत. हातात पितळी घंटा आणि खांद्यावर लाल रुमाल. आजूबाजूला शेळी, कोंबडी, नातेवाईक, कुणीही नाही याची खात्री करून मी दोन टोल द्यायचे. मग काका मशीन जमिनीवर ठेवायचे, मागच्या मुठीत उजव्या पायाचा बूट अडकवायचे, डाव्या हातानं पुढची दांडी दाबून धरायचे आणि दोरी ओढायचे. मशीन हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "चालत्या गाडीत चढनारी जात," म्हणायचे.

मी एकदा विचारलं, "काका, मशीन सुरू झाल्यावर तुम्हाला माझी बेल ऐकू येते का?"

"बिलकुल न्हाई."

"मग थांबायची बेल कशाला?"

"एसटीत तरी कुठं ऐकू यायची? मानूस मागं हाय येवढं माहीत आसलं की बास." मग थोडा विचार करून म्हणाले, "आन् रुमाल दिलाय ना तुमाला?"

त्यांच्या या सगळ्या काटेकोरपणाला कारण होतं, ते मला काकूंनी सांगितलं. मशीन आणलं त्या पहिल्याच दिवशी काका मोठ्या ऐटीत अंगणातलं एक लाकूड कापायला गेले होते. चेन जिच्या कडेनं फिरते त्या लांब पट्टीचं टोक मागच्या दुसऱ्या ओंडक्याला लागलं आणि मशीन एकदम उसळून तोंडावर आलं. पुढच्या दांडीसमोर हाताच्या आड एक ढाल असते. मशीन उसळलं की ती ढाल मनगटाला लागून पुढं ढकलली जाते आणि चेन जागच्या जागी थांबते. तोच त्या मशीनचा ब्रेक. तो लागला म्हणून काकांचं नाक राहिलं. "चेनीचा गार वारा लागला म्हने नाकाला," काकू म्हणाल्या. "मंग दिवसभर बोललेच न्हाईत."

संध्याकाळी ते बोलले तेव्हा त्यांनी चौकशी बसवली. ओट्यावर बसून स्वतःच स्वतःला प्रश्न विचारले आणि उभं राहून उत्तरं दिली. गाडी सुस्थितीत होती का? होती. समोर अडथळा होता का? होता. डायव्हरला दिसला का? डायव्हरनं बघितलाच न्हाई. चौकशीत चूक ड्रायव्हरची निघाली आणि काकांनी स्वतःला निलंबित केलं. त्या काळात ते मशीनला हात लावत नव्हते, फक्त समोर खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. काकूंना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी अंबडच्या देवीला नवस बोलला, तो निलंबन उठल्यावर फेडला.

पुन्हा कामावर रुजू झाले ते पट्टीच्या टोकावर, वरच्या अर्ध्या भागात, लाल रंगानं 'राखीव' असं लिहूनच. त्या भागानं काही कापायचं नाही, त्याला कशाला शिवू द्यायचं नाही. चेनीच्या घासण्यानं ती अक्षरं पुसली जात आणि काका ती पुन्हा रंगवत. काकूंची नेलपॉलिशची बाटली त्यातच संपली.

"तिथं कुनी बसायचं न्हाई," ते सगळ्यांना दाखवायचे. "बसलं की गाडी लाथ मारती."

या लाथेचा त्यांना इतका ध्यास होता की ते माझ्या दवाखान्यात येऊन बसायचे. मी म्हशीला हात लावण्याआधी काय करतो, कुठं उभा राहतो, हे बघत राहायचे. मी सांगितलं, काका, म्हैस लाथ मारणार हे आधी कळतं, ती अंग चोरते, शेपूट आवळते. त्यांनी फार वेळ मान हलवली.

"म्हैस बरी म्हनायची," ते म्हणाले. "मशीनला शेपूट न्हाई. ते सांगत न्हाई. आन् ते मारतं तेव्हा डोळ्याची पापनी लवायच्या आत मारतं. म्हून आपनच त्याच्या लाथंच्या रस्त्यात उभं ऱ्हायचं न्हाई. नाकासमोर पट्टी धरायची न्हाई, बाजूला व्हायचं. बराबर हाय का?"

बरोबर होतं. माझ्या म्हशींनाही ते लागू पडत होतं, फक्त मालकांना काकांचं दवाखान्यात हेल्मेट घालून बसणं चमत्कारिक वाटायचं.

हेल्मेटबद्दल सांगायला हवं. त्याला पुढं जाळी आणि कानावर दोन वाट्या होत्या. पायांसाठी त्यांनी केशरी रंगाचं एक जाडजूड आवरण आणलं होतं. त्याच्या आत असे धागे असतात की चेन लागली तर ती त्यांत गुंतून थांबते. हे आवरण चढवायला आणि उतरवायला इतका वेळ लागायचा की काका ते उतरवतच नसत. आठवडी बाजारात केशरी पाय, देवळात केशरी पाय. अंकुशनगरला साखर कारखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाच्या घरी लग्न होतं, तिथंही ते तसेच गेले, कारण वाटेत एक झाड बघायचं होतं. पंगतीत मांडी घालता येईना म्हणून पाय लांब करून जेवले. वाढपी त्यांच्या पायांना वळसा घालून वाढत होते आणि काका त्यांना हातानं साईड देत होते.

गिऱ्हाईक त्यांना बोलवायचं, कारण जवळपास दुसरं कुणी नव्हतं, आणि बोलावल्यावर पस्तावायचं. कारखान्याच्या रस्त्याला एका शेतकऱ्याच्या बांधावरची बाभूळ कलली होती. काका सकाळीच गेले. झाडाला प्रदक्षिणा घातली, वारा कुठून आहे ते पाहिलं, झाड कुठं पडेल ते ठरवलं, आणि मग पळायचा रस्ता आखला. झाड पडतं त्याच्या उलट पण तिरकस पळायचं, सरळ मागं नाही, कारण बुंधा मागं सरकू शकतो. इथवर ठीक होतं. पण काकांनी त्या घरातल्या सगळ्यांना सराव करायला लावला. मालक पळाला, मालकीण पदर खोचून पळाली, मालकाची म्हातारी आई तिरकस पळताना तुरीत शिरली. तिला परत आणून पुन्हा पळवलं. दुपारपर्यंत सगळे इतके दमले की जेवून झोपले, आणि बाभूळ पडली दिवस मावळायला.

"झाड येकदा पडलं," मालक मला नंतर दवाखान्यात म्हणाला. "आमी सकाळपासून पडून राह्यलो."

शहागडच्या एका ढाबेवाल्याला उंचावरची एक फांदी तोडून हवी होती. काकांनी खाली उभं राहून बघितलं आणि नाही म्हणाले.

"खांद्याच्या वर गाडी जात न्हाई."

"मंग शिडी लावून देतो की."

"शिडीवर उभं ऱ्हाऊन मशीन? तुमी टपावर बसून ट्रक चालवता का?"

ढाबेवाला म्हणाला, मोबाईलवर एक जण एका हातानं मशीन धरून, दुसऱ्या हातानं फांदी धरून कापतो, मी बघितलाय. काकांनी विचारलं, त्याचा पुढचा व्हिडीओ आला का? ढाबेवाल्याला आठवेना. काका म्हणाले, "आला तर मला दाखवा," आणि चहा पिऊन परत आले.

दोन्ही हात आणि डाव्या हाताचा अंगठा दांडीखालून गुंडाळलेला, हा त्यांचा धर्म होता. अंगठा वर राहिला तर उसळीत दांडी हातातून निसटते. एवढ्यावरून ते माणसं पारखायचे. कुणाशी हात मिळवला आणि त्याचा अंगठा सैल लागला तर घरी येऊन काकूंना सांगायचे की मानूस धोक्याचा हाय. काकू म्हणायच्या, "तुमच्या पुढं देव आला तरी त्येचा आंगठा बघताल."

मला या माणसाचा राग यायचा, खरं सांगतो. सुटीच्या दिवशी उन्हात घंटा घेऊन उभं राहण्यात काय मजा असते? पण मी खोली सोडली नाही. कारण या घरात मला एका गोष्टीची सवय लागली होती. रोज मी दवाखान्यात निघताना काका माझ्या मोटारसायकलभोवती एक फेरी मारायचे, चाक दाबून बघायचे आणि म्हणायचे, "जावा." घर सोडल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

आता दसऱ्याचं सांगतो. काका-काकूंना एकच मुलगी, मनीषा. ती शहागडला दिलेली. जावई चांगले, पण व्याही मानाचे मोठे भुकेले. लग्नाच्या दिवशी त्यांना मांडवापर्यंत आणायची जीप काकांनी स्वतः चालवली होती आणि अशी जपून चालवली की मुहूर्त निघून गेला. "पायी निघालो आस्तो तर जल्दी आलो आस्तो," व्याही भर मांडवात म्हणाले, आणि तो अपमान त्यांनी मनात धरला. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण, पण मनीषाला त्यांनी माहेरी पाठवलं नाही. काकूंनी त्या दिवाळीत घरात काही तळलं नाही. दुसरी दिवाळी तोंडावर आली होती, आणि यंदा तरी लेक येते का, याच एका विचारावर ते घर चाललं होतं.

तर दसऱ्याला व्याही अंबडच्या देवीचं दर्शन करून परत निघाले, आणि काय मनात आलं कोण जाणे, सुनेला घेऊन आपल्या चारचाकीतून वडीगोद्रीत उतरले. डोक्याला भला मोठा फेटा. जावयांना सुट्टी नव्हती. काकूंची नुसती धांदल उडाली. व्याह्यांना पाट, व्याह्यांना पहिली पोळी, व्याह्यांना तूप. मलाही पंगतीला बसवलं होतं. व्याही खूष झाले. तिसऱ्या पोळीला म्हणाले, "विहीणबाई, यंदा दिवाळीला धाडतो सूनबाईला."

काकूंचा तुपाचा हात तसाच राहिला. मनीषानं मान खाली घातली, पण तिचे कान हसत होते.  काका नुसतं पाणी प्यायले.

मग व्याही हात धुवायला अंगणात गेले आणि तिथं त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक, लिंबाची भलीमोठी फांदी, जी श्रावणातल्या वाऱ्यात मोडून, बुड जमिनीवर आणि शेंडा गोठ्याच्या पत्र्याला, अशी टेकली होती आणि जिची काकांची तपासणी अजून चालू होती. आणि दोन, पाटावर मांडलेलं मशीन. आदल्या दिवशी खंडेनवमीला काकूंनी त्याची पूजा केली होती. हळदी-कुंकू, झेंडूची जाड माळ.

"येवढी फांदी आशी पडून हाय?" व्याही म्हणाले. "आन् घरात मशीन हाय? आवो डायव्हरसाहेब, ही तर मी उभ्या उभ्या कापतो."

"आज गाडी इसाव्याला हाय, पाव्हणे," काका म्हणाले. "दसरा हाय."

"दसऱ्याला कापलेलं शुभ." व्याह्यांनी माळ काढून बाजूला ठेवली आणि मशीन उचललं. माळेखालून नाडा दिसला. काकूंनी पूजेचा लाल-पिवळा नाडा पुढच्या दांडीला बांधला होता, चांगला घट्ट, फेऱ्यांवर फेरे. आणि दांडीबरोबर ती पुढची ढालही आवळून टाकली होती. मशीनला नाडा बांधायला दुसरी जागाच नाही. काकूंचा काही दोष नव्हता. त्या दिवशी काका मशीन पुसून, तेल देऊन त्यांच्या हवाली करून जुन्या सोबत्यांना भेटायला डेपोत गेले होते.

काका पुढं झाले. "नाडा सोडा," ते म्हणाले. "ब्रेक बांधला गेलाय त्यात."

"देवाचा नाडा दसऱ्याच्या दिवशी सोडत आस्तेत का?" काकू म्हणाल्या. "रक्षनाला बांधलाय. तुमी गाडीला लिंबू-मिरची बांधायचे तवा ब्रेक बंद पडला का?"

"मी लिंबू पायडलखाली बांधत नव्हतो."

"बांधला तो चांगला हाय, ऱ्हाऊ द्या," व्याही म्हणाले. काकांनी हेल्मेट पुढं केलं तर ते फेट्यावर बसेना, आणि दसऱ्याचा फेटा व्याही उतरवणार नव्हते. काकूंनी काकांना बाजूला ओढलं. मी जवळच होतो, मला ऐकू आलं. "येक फांदी कापू द्या त्यान्ला. पोरीची दिवाळी हाय."

काकांनी एकदा मनीषाकडे बघितलं. तेवढ्यात व्याह्यांनी मशीन हवेतच लोंबतं धरून दोरी ओढली आणि ते भडकन सुरू झालं. डबल बेल नाही, काही नाही. पट्टी नाकासमोर धरून ते फांदीकडं निघाले, टोक पुढं करून.

मग काका चालत गेले आणि फांदीवर बसले. दसऱ्याचा पांढरा सदरा, केशरी पाय घातलेले नाहीत, डोक्यावर काही नाही, आणि मांडी घालून बसले. कापायची जागा बरोबर मांडीखाली आली. व्याही थांबले. काहीतरी ओरडले. काकाही काहीतरी म्हणाले. मशीनच्या आवाजात एकालाही दुसऱ्याचं ऐकू येईना. मी घंटा घेऊन एक एक टोल मारत सुटलो, तीही कुणाला ऐकू येत नव्हती. शेवटी भांडायचं तर शब्द कळायला हवेत, म्हणून व्याह्यांनी मशीन बंद केलं.

"उठा," ते म्हणाले.

"न्हाई उठत."

"मला मशीन चालवता येत न्हाई म्हन्ता?"

"मला बी येत नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्या तोंडावर आल्तं ते. ब्रेक मोकळा होता म्हून बसलोय तुमच्या म्होरं."

"डायव्हरसाहेब, आसं करताल तर सूनबाईची दिवाळी इसरा."

काकूंनी तोंडाला पदर लावला. काका फांदीवरून हलले नाहीत. ते म्हणाले, "इसरतो. नका धाडू. पर तुमी तोंड घेऊन घरी जावा. माझी लेक तुमच्या घरात ऱ्हाती. तिला रोज तुमचं तोंड बघायचंय."

 मग काकू पुढं आल्या. त्यांनी व्याह्यांच्या हातातल्या मशीनची ढाल पुढं ढकलून बघितली. ती जराही हलली नाही. पुन्हा ढकलली. "अगं बाई," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. देवाच्या नाड्याला कात्री लावायची नसते म्हणून त्यांनी सगळ्या गाठी दातांनी सोडवल्या. रडत होत्या आणि सोडवत होत्या. सोडलेला नाडा कुठं टाकणार, म्हणून तो व्याह्यांच्या मनगटाला बांधला. मनगटाला कुणी काही बांधत असताना माणसाला रागावून उभं राहणं अवघड जातं.

काका फांदीवरून उतरले. "पाव्हणे, डायव्हरकी तुमचं काम न्हवंच," ते म्हणाले. "तुमी साहेब व्हा. आमच्या खात्यात साहेब कधी स्टेरिंग धरत नस्तो. खुर्चीत बसून डायव्हरला बोलतो."

हे व्याह्यांना पटलं. त्यांच्यासाठी दूर अंतरावर खुर्ची टाकली. ते फेटा सावरून बसले. काकांनी केशरी पाय चढवले, हेल्मेट घातलं, बेल ऐकेपर्यंत कानाच्या वाट्या वर सरकवून ठेवल्या, ढाल पुढं-मागं करून ब्रेक तपासला. मी दुप्पट अंतरावर जाऊन सगळीकडं बघितलं आणि डबल बेल दिली. इतक्या मनापासून मी ती आधी कधी दिली नव्हती.

सगळं बरोबर चाललं होतं. काका बाजूला उभे, दोन्ही हात, अंगठा खालून. पण व्याही साहेब झाले होते आणि साहेबाला गप्प बसवत नाही. ते खुर्चीतून हातवारे करायला लागले. "पुढं घ्या. आनखी पुढं." आणि इतकी वर्षं साहेबांचा हात बघून गाडी पुढं घेतलेल्या माणसानं गाडी पुढं घेतली. एवढीच एक खोड त्यांच्या अंगात राहिली होती. पट्टीचं टोक फांदीच्या पलीकडे पाल्यात गेलं आणि तिथं लपलेल्या एका खुंटाला लागलं.

मला फक्त एवढं दिसलं की मशीन वर उडालं. काकांच्या डाव्या खांद्याशेजारून पट्टी आभाळाकडे गेली आणि खाटकन आवाज आला. ढाल मनगटाला लागली होती. चेन थांबली होती. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. मी सिंगल बेल मारली, पण तोवर सगळं होऊन गेलं होतं.

काकांनी मशीन बंद करून खाली ठेवलं. अंगाला ओरखडा नव्हता. व्याही खुर्चीतून उठून जवळ आले आणि उभे राहिले. पट्टी जिथून गेली तिथं त्यांनी हात धरून बघितलं. मग स्वतः त्या जागेवर उभे राहिले, मघाशी राहिले होते तसे, मधोमध. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"मी दिवाळीला धाडनार न्हाई म्हनलो," ते काकांना म्हणाले. "तरी बसून ऱ्हायले?"

"हाव."

"आन् मी कापलं आस्तं मंग?"

"तुमी मानूस बरे हायेत," काका म्हणाले. "कापलं नस्तं."

व्याही तिथून दारातल्या आपल्या चारचाकीकडं गेले. काकूंना वाटलं, चालले. मनीषाही चपला घालायला लागली. व्याह्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, आतून सुनेची पिशवी काढली आणि ओट्यावर आणून ठेवली.

"दिवाळीला धाडत न्हाई," ते म्हणाले. "आजपासूनच ऱ्हाऊ द्या. दिवाळी झाल्यावर मीच न्यायला येतो."

काकूंनी मनीषाला जवळ घेतलं. काकांनी कुणाकडं बघितलं नाही. ते खाली बसून पट्टीवर कव्हर चढवत होते आणि ते त्यांना चढेना, कारण ते उलटं धरलं होतं. मी जाऊन ते सरळ करून त्यांच्या हातात दिलं. हेल्मेटची जाळी खालीच होती. आत ते रडत होते, आणि व्याह्यांची गाडी वळून हायवेला लागेपर्यंत त्यांनी ती वर केली नाही.